डावा बैल, उजवा स्पीकर

समस्त नागरिकांना, आणि विशेषकरून सिंदी मेघे येथील आमच्या गल्लीतल्या सोशिक रहिवाशांना, अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, आमच्या घरी गाणं कोणत्या यंत्रावर वाजवायचं हा प्रश्न अखेर निकालात निघाला आहे. या प्रश्नापायी अक्षय तृतीयेपासून पोळ्यापर्यंत आमच्या घरात शांतता नव्हती. जेव्हा होती, तेव्हा ती यंत्र बंद पडल्यामुळे होती. ज्यांची झोप मोडली त्यांनी क्षमा करावी, आणि ज्यांनी भिंतीवर ठोकून ताल धरला त्यांचे आभार.

हसू नका. वरवर पाहता हा स्पीकर घ्यायचा मामला होता. पण बाबा आमच्याकडे राहणार की आंजीला, गावच्या घरी परत जाणार, हे त्यावर ठरणार होतं.

आई गेल्यापासून बाबा आंजीत एकटेच राहत होते. ऐंशीला टेकलेला माणूस, पण सकाळी शेतात चक्कर, दुपारी झोप, संध्याकाळी टेपवर भजन, असा चोख बंदोबस्त होता. उन्हाळ्याच्या तोंडावर मोरीजवळ पाय घसरला आणि कंबर धरली. हाड वाचलं, पण डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, यापुढे एकटं ठेवू नका. मी बाबांना गाडीत घालून घरी आणलं. महिनाभरात ते काठीवर चालायला लागले, आणि चालायला लागल्याबरोबर आंजीच्या गोष्टी सुरू झाल्या. मी हात जोडले. बायकोने हात जोडले. शेवटी एके संध्याकाळी दिवाणावर बसून त्यांनी निकाल दिला.

"राहातो मी. पण माही एक गोष्ट आयकून घे. मले माहं गाणं माह्या हातानं लावता आलं पाह्यजे. चहा तुमी द्या, जेवन तुमी द्या, गोळ्या तुमी द्या. गाण्यासाठी मी कोणाले 'लाव गा' म्हणून म्हणनार नाई. पोळ्यापर्यंत पाहातो. नाई जमलं तं आपला मी आंजीले."

"एवढंच ना बाबा? ते माझ्याकडे लागलं," मी छातीवर हात ठेवून म्हणालो.

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की बाकी कोणीही म्हणावं, मी तरी ते म्हणू नये. आणि खरंच, मी म्हणायला नको होतं. कारण घरातल्या गाण्याचं आजवर जे जे नुकसान झालं, ते माझ्याच हाताने झालेलं आहे.

माझं वर्ध्याला कृषी सेवा केंद्र आहे. दरवर्षी बियाण्याची नवी जात येते, दरवर्षी पिशवीवर छापलेलं असतं की यापेक्षा चांगलं काही होणार नाही, आणि पुढच्या वर्षी त्याच कंपनीची दुसरी पिशवी येते. हे सगळं डोळ्यांदेखत पाहूनही मी गाण्याच्या बाबतीत काही शिकलो नाही. मी कॉलेजात असताना आमच्या घरी दोन कानांचा मोठा टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र, आला. शनिवारी मारुतीच्या देवळात आंजीचं मंडळ बसायचं. खंजिरी, टाळ, पेटी आणि पंधरावीस गळे. मी तो टू-इन-वन मंडळासमोर ठेवायचो आणि लाल बटण दाबायचो. त्याच्या दोन टोकांना दोन माइक होते, त्याचा मला फार अभिमान वाटायचा. अशा बऱ्याच कॅसेटी झाल्या. बाबा त्यात टाळ वाजवतात आणि सगळ्यांच्या अर्धा शब्द आधी गातात.

मग सीडी आली. मी काही कॅसेटी सीडीवर उतरवून आणल्या आणि म्हणालो, "बाबा, आता हे शेवटचं. शंभर वर्षं काही होत नाही." दोन वर्षांत त्या अडखळायला लागल्या. बाबांनी त्या ज्वारीच्या शेतात दोऱ्याने टांगल्या. पाखरं मात्र चांगली राखली त्यांनी, ते नाकारता येत नाही. मग एमपीथ्री आलं. डबाभर कॅसेटी एका चकतीत. "बाबा, आता हे शेवटचं." मग ती चकती पेन ड्राइव्हमध्ये गेली, आणि जाताना सगळी नावं गळून पडली. 'शनिवार, मोठा पाऊस' असं मी प्रेमाने लिहिलेलं होतं, त्याचं 'ट्रॅक झीरो सेव्हन' झालं. मग ते मोबाइलच्या कार्डात गेलं, आणि मोबाइल यवतमाळच्या बसमध्ये गेला. शेवटी मी म्हणालो की आता वस्तूच नको, सगळं क्लाउडवर ठेवू.

"कुठी?" बाबांनी विचारलं.

"वर. आभाळात म्हणा."

"आभाळाचा भरवसा तू मले सांगून राह्यला का?" बाबा म्हणाले. "मी जिंदगीभर त्याच्याच भरवशावर शेती केली."

तर असा मी. आणि मी छातीवर हात ठेवला होता.

पहिला विचार सोपा होता. बाबा आंजीत होते तोवर रडतखडत चालणारा आणि आता पडून मुका झालेला टू-इन-वन तिथून आणायचा आणि दुरुस्त करायचा. आणला. वर्ध्यात जिथे पूर्वी टेप दुरुस्त व्हायचे, तिथे आता मोबाइलची कव्हरं लटकतात. त्या माणसाने मागचं झाकण उघडलं, आत पाहिलं, आणि एखाद्या जुन्या ओळखीच्या अंत्यदर्शनाला आल्यासारखं हळूच झाकण लावून टाकलं. पट्टे मिळत नाहीत, हेड झिजलं आहे, मोटर म्हणते मला सोडा.

पण त्यानेच एका दुकानाचा पत्ता दिला. त्या दुकानाचा मालक माझ्याच वयाचा. तो आधी कॅसेटी विकायचा, मग सीडी विकायचा, मग रिचार्ज मारायचा, आणि आता घरगुती साउंड सिस्टिम विकतो. दुकानाच्या पाटीवर रंगाखाली रंग, रंगाखाली रंग, आणि ऊन तिरपं पडलं की चारही धंद्यांची अक्षरं एकदम वाचता येतात. माझ्यासारखाच पोळलेला माणूस, म्हणून मला तो पहिल्या भेटीतच आवडला.

बाबांना मी सोबत नेलं. मालकाने खुर्ची दिली, एक यंत्र लावलं आणि आवाज एवढा वाढवला की रस्त्यावरची गाय वळून पाहायला लागली.

"बाबूजी, पावर पाहा!"

बाबा काठीवर हनुवटी टेकून बसले होते. "हळू लाव," ते म्हणाले.

"हळू?"

"बजारात धावून दाखवते तो इकाले आनलेला बैल. कामाचा बैल हळू चालते. हळू चालताना त्याचा पाय पाहा लागते."

इथे सांगितलं पाहिजे की बाबा आंजी आणि आसपासच्या गावांत बैल पारखायला प्रसिद्ध होते. लोक त्यांना बाजाराला घेऊन जायचे. त्यांचा नेम असा, की बैल तीनदा पाहायचा. उभा पाहायचा, चालता पाहायचा, आणि आपल्या शेतात आपल्या वखराला जुंपून पाहायचा. आठ दिवस घरी ठेवायचा. खोड निघाली तर परत. विकणाऱ्याने लपवलेली निघाली तर दोन शब्द ऐकवून परत. त्या दुकानात बसल्याबसल्या बाबांनी हाच नेम यंत्राला लावला. म्हणाले, दुकानात सगळेच गुणाचे असते, घरी पाठव.

मला वाटलं मालक हसेल. पण तोही सेलूकडच्या शेतकऱ्याचाच मुलगा निघाला. त्याला यात काहीच नवल वाटलं नाही. "न्या ना," तो म्हणाला. "आठ दिवस जुंपून पाहा. खोड निघाली तं वापस आणजा." आणि मला खात्री आहे की अख्ख्या जगात साउंड सिस्टिम या अटीवर फक्त आमच्याच जिल्ह्यात मिळत असेल.

पहिलं आलं ते लांबोडकं, टीव्हीखाली ठेवायचं, फळीसारखं. बाबांनी दोन्हीकडून वाकून पाहिलं.

"हा एकटाच हाये? जोडी कुठी हाये याची?"

जोडी नव्हती. सोबत एक काळा डबा होता, तो फक्त धमधम करायचा. त्याने स्वयंपाकघरातले स्टीलचे डबे एकमेकांना टाळ्या देऊ लागले. शेजाऱ्यांनी विचारलं की घरी बोअर मारून राह्यले का. बाबांनी तीन दिवस मनापासून ऐकलं आणि खोड सांगितली, "ताकद हाये, पण त्याच्यात मानूस दिसत नाई." परत.

दुसरं होतं गोल, तांब्याएवढं. त्याच्याशी बोलायचं. बोललं की आतून एक बाई उत्तर देते आणि गाणं लावते. मी तर नाचायचाच बाकी होतो. हात लावायलाच नको! बाबांना मी त्याला हाक कशी मारायची ते शिकवलं. बाबा काठीची मूठ पुसत बसले.

"बोला ना बाबा."

"मी नाई बोलत."

"का?"

"काऊन म्हणजे? दिवसातून धा वेळा परक्या बाईले हुकूम सोडू का मी? 'हे लाव, ते बंद कर'? तुह्या मायले म्या कधी असं म्हटलं नाई."

"बाबा, ती बाई नाही, मशीन आहे."

"मंग तिले बाईचा आवाज कायले देला?"

हे मी दुकानाच्या मालकाला जाऊन विचारलं. त्याने कंपनीला विचारा म्हणून सांगितलं. कंपनीला हा प्रश्न कधी पडला असेल असं मला वाटत नाही. शिवाय बाबांची अट हाताची होती, तोंडाची नव्हती. पोराला 'लाव गा' म्हणणं आणि बाईला 'लाव वो' म्हणणं यात त्यांच्या मते काही फरक नव्हता. परत.

तिसऱ्या वेळी मी यंत्र सोडून दिलं आणि वर्गणी भरली. टॅबलेट आणला, त्यावर जगातली सगळी गाणी. मी बाबांना समजावून सांगितलं की आता काही साठवायलाच नको, बोट ठेवलं की वाजतं.

"सगळी?" बाबांनी विचारलं.

"सगळी."

"आपलं आंजीचं शनिवारचं हाये?"

"ते नाही बाबा. ते कसं असेल?"

"मंग सगळी कशी?"

मला त्या क्षणी फार गंमत वाटली, आणि थोडं चमकायलाही झालं. कारण मी इतकी वर्षं प्रत्येक नव्या प्रकारामागे धावलो तो 'सगळं' मिळेल म्हणून. आणि दरवेळी त्या सगळ्यात आमचं एक गाणं कमी होत गेलं. बाबांनी तरी चार दिवस प्रामाणिकपणे बोट फिरवून पाहिलं. त्यांचं बोट जाड, कातडी रापलेली. काच कधी ओळख द्यायची, कधी नाही. "खट झालं पाह्यजे," ते म्हणाले. "जुन्या टेपचं बटन दाबलं का खट होये. खट नाई झालं तं मशीननं आयकलं का नाई आयकलं, मानसाले कसं समजन?" पाचव्या दिवशी इंटरनेट गेलं ते संध्याकाळपर्यंत आलं नाही. बाबांनी टॅबलेट उपडा घातला. "भाड्याचा बैल," ते म्हणाले. "मालकाच्या मर्जीनं येते, मालकाच्या मर्जीनं जाते." परत.

आषाढ संपत आला होता. माझ्या दुकानात युरियासाठी रांगा होत्या, आणि मी गिऱ्हाईकाला पावती देताना ॲम्प्लिफायरच्या जाहिराती वाचत होतो. पोळा श्रावणाच्या शेवटी. बाबांनी आंजीच्या मित्राला फोनवर सांगून टाकलं होतं, पोळ्याच्या आदल्या दिवशी गाडी घेऊन येजो, जमलं तं तुले वापस पाठवतो, नाई जमलं तं येतोच.

तेव्हा साउंड सिस्टिमच्या दुकानाच्या मालकाने मला आत बोलावलं. आतल्या खोलीत त्याचं स्वतःचं सामान होतं, विकायचं नसलेलं. चांगला चालू कॅसेट डेक त्याने जपून ठेवला होता. "भाऊ, तुमच्या कॅसेटी आहे का अजून?" होत्या. आंजीला बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. मी त्या आणल्या. त्याने एकेक लावून पुन्हा नव्याने उतरवल्या, काही न दाबता, काही न छाटता, पूर्ण आकारात. आणि जुंपून पाहायला एक साधा ॲम्प्लिफायर आणि लाकडी पेटीचे दोन स्पीकर दिले. दोन! मी घरी येऊन अंगणातूनच ओरडलो, "बाबा, जोडी आणली!"

आता मला एक प्रयोग करायचा होता. जाणकार लोक सांगतात की जुनं एमपीथ्री दाबून लहान केलेलं असतं, त्यात गाण्याचा कोंडा राहतो आणि दाणा जातो. पूर्ण आकाराच्या फाइलमध्ये सगळं असतं. हे खरं आहे का? मी बाबांना आणि बायकोला दिवाणावर बसवलं, यंत्रासमोर चादर धरली, आणि जादूगाराच्या थाटात एकच भजन आधी जुनं आणि मग नवं वाजवलं.

"काय फरक वाटला?"

बायको सासऱ्यांकडे पाहत म्हणाली, "दोन्ही वेळा मामाजीच पुढे गेले."

बाबा मात्र भिवया चढवून बसले होते. "पुन्हा लाव." मी लावलं. "पुन्हा." मला हर्ष झाला. कान असावा तर असा! ऐंशीव्या वर्षी माणूस दाणा आणि कोंडा ओळखून राह्यला!

"दोन्ही सारखेच हाये," बाबा म्हणाले. "पण बैल उलटे जुंपले तू."

"म्हणजे?"

"खंजिरी इकडून काऊन येऊन राह्यली? खंजिरीवाला तिकडं बसे, दाराजवळ. त्याले तंबाखू थुकाले घडीघडी उठा लागे. पेटी इकडं, खांबाजवळ. तू पेटी दारात नेऊन ठेवली आन् त्याले खांबाले चिपकवलं. थुकन कुठी तो?"

मी चादर टाकून मागे गेलो. तारा पाहिल्या. मी यंत्राच्या मागे उभा राहून तारा जोडल्या होत्या, त्यामुळे माझा उजवा तो त्याचा डावा झाला होता. तारा बदलल्या. पुन्हा लावलं, आणि मला जे ऐकू आलं ते मी आजवर कधी ऐकलं नव्हतं, जरी लाल बटण दाबणारा मीच होतो. मारुतीचं देऊळ आमच्या हॉलमध्ये मांडलेलं होतं. डावीकडे दार, उजवीकडे खांब, मध्ये पंधरावीस माणसं मांडी घालून. एक खोकणारा, एक उशिरा येऊन चप्पल काढणारा. बाबा हात उचलून दाखवत होते, हा इथं, तो तिथं, आणि त्यांचं बोट जिथे जाईल तिथून आवाज येत होता.

"प्रत्येक बैलाची बाजू असते," ते म्हणाले. "डाव्याले उजवीकडं जुंपला तं तो चालते, पण नांगराचं तास वाकडं जाते."

जोडी पास झाली. बाबांनी डाव्या स्पीकरला कुंकवाचं एक बोट आणि उजव्याला दोन बोटं लावली, म्हणजे मी पुन्हा घोळ घालू नये.

पण अट यंत्र चांगलं असण्याची नव्हती. अट हाताची होती. आणि गाणं होतं एका पेन ड्राइव्हमध्ये, नखाएवढ्या. तो जायचा एका चिरेत, पाठीमागे. पुढे इंग्रजी आकडे, आणि रिमोटवर मुंग्यांच्या वारुळासारखी बटणं. बाबांनी दोन दिवस झटून पाहिलं. एकदा पेन ड्राइव्ह दिवाणाखाली गेला तेव्हा तो काढायला मी वाकलो, आणि बाबांनी नुसतं खिडकीबाहेर पाहिलं. मला ते फार जड गेलं. पोळ्याला दहा दिवस उरले होते.

उपाय मला माझ्या दुकानात सुचला, आणि तो सुचला सिंदी रेल्वेच्या, म्हणजे आमच्या सिंदी मेघेहून वेगळ्या सिंदीच्या, एका गिऱ्हाईकामुळे. तो बियाणं न घेता तान्ह्या पोळ्याच्या गप्पा मारत उभा होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लेकरं लाकडी बैल सजवून मिरवतात, आणि सिंदीच्या तान्ह्या पोळ्याची तर बातच वेगळी. मी शटर अर्धं ओढलं आणि सिंदी गाठली. तिथे एक सुतार चाकांचे लाकडी बैल करतो. तो भुशात कमरेपर्यंत बुडालेला होता.

"पोळ्याच्या तोंडावर मले दुसरं काम नका सांगू, साहेब."

"बैलच पाहिजेत. पाच. वीतभर."

"बैल हाये ना? मंग बसा."

मी खिशातून पाच पेन ड्राइव्ह काढले. प्रत्येकात एकच शनिवार. म्हणजे निवडायचं काही नाही, नंबर नाही, यादी नाही. जे भजन पाहिजे तो बैल उचलायचा. आणि बैल जिथे लावायचा ती एक लाकडी गव्हाण, तिच्यातून तार मागे यंत्रापर्यंत. सुताराने पेन ड्राइव्ह उलटासुलटा करून पाहिला, एकही प्रश्न न विचारता मान हलवली, आणि तीन दिवसांनी पहिला बैल घेऊन स्वतःच घरी आला. ढवळा, देखणा, शिंगांना बेगड. पेन ड्राइव्हचं तोंड त्याने शेपटीखालून काढलं होतं.

बाबांनी बैल हातात घेतला. फिरवला. "हे काय हाये?"

"रिव्हर्स लावाचा बाबाजी," सुतार उत्साहाने म्हणाला. "गाडी लावते तसा. मांगं मांगं आनाचा, बसला का गानं सुरू."

"बैल गव्हाणीले कोणत्या आंगानं लागते?"

सुताराने बैल उलटा धरून पाहिला.

"तोंडानं चरते तो," बाबा म्हणाले. "माह्या घरी बैल ढुंगनानं चरनार नाई."

सुताराने खाली मान घालून बैल परत नेला. पुढच्या खेपेला पाचही आले, ढवळा, काळा, बांडा, तांबडा आणि एक शिंगमोडका, आणि सगळ्यांच्या तोंडात पेन ड्राइव्ह. सोबत त्याने आपणहून दोन गोष्टी आणल्या होत्या. एक, आवाजाच्या बारक्या गोल बटणावर बसवायला लाकडी बैलाचं रंगीत चाक, मुठीत मावेल एवढं. दुसरी, गव्हाणीच्या कडेला एक लाकडी खिटी. बैल लावला की ती खाली पाडायची, खट! ती कशालाच जोडलेली नाही. खटचं दुखणं मी त्याला बोलताबोलता सांगितलं होतं, त्याने त्याच्यावर औषध आणलं. मी त्याला बाहेर नेऊन बजावलं, हे बाबांना सांगायचं नाही.

बाबांनी दोन दिवस कोणाच्या देखत हात लावला नाही. शिकताना त्यांना कोणी पाहिलेलं चालत नाही. मी दुकानात जाताना पाहायचो तर पाचही बैल ओळीत, आणि परत येऊन पाहायचो तर पाचही बैल ओळीत. बायकोला विचारलं, वाजलं का काही? ती शिकवायला शाळेत गेलेली, तिला काय माहीत. ओळीतला क्रम बदलला का, हे पाहायला मी एकदा मोबाइलमध्ये फोटोही काढून ठेवला. तो बदलला नव्हता. आंजीला न्यायची बाबांची पिशवी मात्र भरलेली होती, दिवाणाच्या पायाशी.

पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारी बाबांच्या मित्राचा फोन आला, निघालो म्हणून. मी गिऱ्हाईकं वाटेला लावून घराकडे सुटलो. गल्लीच्या तोंडाशी पिकअप उभी होती, आणि तिच्या ड्रायव्हरने दोन्ही कानांवर हात ठेवले होते. खंजिरी रस्त्यापर्यंत येत होती.

दारात चपला काढतानाच मी थबकलो. बाबा यंत्राजवळ बांबूच्या मोढ्यावर बसले होते, आणि समोर त्यांचा मित्र. तोच, दाराजवळ बसणारा खंजिरीवाला, आता दात नसलेला.

"हे मी हावो?" तो म्हणत होता.

"तूच. आता पाय, अठी ताल सोडला तू."

"म्या नाई सोडला. तूच टाळ पुढं पळवला, लेका."

"थांब." बाबांनी बांड्याला गव्हाणीतून ओढलं, पुन्हा तोंड लावलं, आणि खिटी पाडली. खट. "आता आयक."

"हे खिटी कायची हाये?"

"काईच नाई करत ते," बाबा म्हणाले. "बसवली पोरानं, म्हणून पाडतो."

मी चप्पल हातात धरून तसाच उभा. पुन्हा तीच जागा आली, पुन्हा दोघे भांडले. बाबांनी पुरावा म्हणून चाक फिरवलं, आवाज वाढला. बाहेर ड्रायव्हरने हॉर्न दिला. मित्राला आठवलं की तो कशासाठी आलाय.

"चाल गड्या, उशीर होते. पिशवी कोनती? गाडीत टाकतो."

"पिशवी राहू दे," बाबा त्याच्याकडे न पाहता म्हणाले. त्यांनी बांड्याला बाजूला केलं आणि काळ्याला उचललं. "पोळा पाहून उद्या वापसच यायचं हाये. एका दिवसाले कायले पिशवी? बस, हे आयक, याच्यात तुह्यी चोरी पुरी सापडते."

खट. चाक आणखी थोडं फिरलं. खिडकीची काच थरथरली. आणि नेमक्या त्या क्षणी स्वयंपाकघराच्या दारात माझी बायको आली. बावीस वर्षांत सासऱ्यासमोर जिचा आवाज कधी चढला नाही, शाळेतल्या फळ्यावर लिहिल्यासारखं जी त्यांच्याशी बोलते, ती हातात झारा घेऊन, घाम पुसत, अख्ख्या मंडळाच्या वर ओरडली:

"मामाजी, आवाज कमी करा ना बाप्पा! कुकरच्या शिट्ट्या किती झाल्या, मले काईच आयकू नाई येऊन राह्यलं!"